तीन गुंठ्यांतील खजिना

पृथ्वीच्या पाठीवर आपण नेमके कोठे उभे आहोत, हा प्रश्न आम्हा सीमाभागातील मंडळींना नवा नाही. बालपणापासून तो आमच्या अंगणात येऊन बसलेला आहे. परंतु याच प्रश्नाचा कोणी खेळ करील आणि त्या खेळापायी रविवारी सकाळी उबदार अंथरूण सोडून रानोमाळ हिंडेल, हे २०२३ च्या मे महिन्यापर्यंत आमच्या स्वप्नातही आले नव्हते. त्या उन्हाळ्याच्या सुटीत, खात्याची रीतसर परवानगी काढून, आम्ही उभयता अमेरिकेच्या वायव्येकडील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी आमच्या कन्येकडे गेलो होतो. खानापूर तालुक्यातील जांभ्या दगडाच्या गावातून निघालेला मनुष्य एकदम सूचिपर्णी वृक्षांच्या त्या हिरव्यागार, ओलसर प्रदेशात उतरला म्हणजे त्याची जी अवस्था व्हावयाची, ती आमची झाली होती. पहिले तीन दिवस आम्ही खिडकीत बसून पाऊस पाहिला. पावसाचे कौतुक आम्हाला कोणी सांगावयास नको; पण आमचा पाऊस गर्जत येतो, तिथला नुसता कुजबुजतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच रात्री ढग फाटले तेव्हा आमच्या ध्यानात आली. ध्रुवतारा भलताच वर होता. आमच्या गावी तो क्षितिजापासून जेमतेम पंधरा-सोळा अंशांवर, फणसाच्या झाडाआड लपलेला असतो. वर्गातील मुलांना तो दाखवायचा तर माळावर न्यावे लागते. पोर्टलंडला तो क्षितिज आणि डोक्यावरचा माथा यांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे पंचेचाळीस अंशांवर उभा होता. गावाचा अक्षांश जितका, तितकी ध्रुवाची उंची, हे आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो. ते डोळ्यांनी पाहिले त्या रात्री. आम्ही हे मोठ्या उत्साहाने दहा वर्षांच्या नातवाला सांगावयास गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि खिशातून यंत्र काढून आमच्या घराचा अक्षांश कलेच्या सहस्रांशापर्यंत सांगितला.

हा नातू तिकडेच जन्मलेला. मराठी सारे समजते, परंतु उत्तर मात्र इंग्रजीतून. आजीने मराठीत विचारावे, त्याने इंग्रजीत सांगावे, आणि मधे कन्येने दुभाष्याचे काम करावे, असा क्रम होता. कन्या यावरून मनाला लावून घेई. आम्ही वरकरणी हसून सोडून देत असू. चौथ्या दिवशी त्याने आम्हाला विचारले, "आजोबा, खजिना शोधायला येणार?" वाक्य मराठीत होते, एवढ्यावरच आम्ही होकार दिला. सौभाग्यवती म्हणाल्या, "जावा की. घरात बसून खिडक्या किती मोजणार?"

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी एक डबा रानात, उद्यानात, पुलाखाली वा दगडाच्या कपारीत लपवून ठेवतो. आत एक वही, एक शिसपेन्सिल आणि असतील तर लहानसहान वस्तू. डबा कधी सैनिकी काडतुसांच्या पेटीएवढा असतो, कधी जुन्या फिल्मच्या डबीएवढा, तर कधी करंगळीच्या पेराएवढा. लपविणारा त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. शोधणाऱ्याने यंत्राच्या साहाय्याने तेथवर जावे, डबा हुडकावा, वहीत नाव-तारीख लिहावी, एखादी वस्तू घेतल्यास बदली दुसरी ठेवावी आणि डबा होता तसाच पुन्हा लपवावा. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपलेले आहेत. आणि योगायोग असा, की या साऱ्या प्रकाराचा उगम पोर्टलंडपासून मोटारीने तासाभराच्या आत, बीव्हरक्रीक नावाच्या गावाजवळ झालेला आहे.

त्याची कथा थोडक्यात सांगतो. जीपीएस ही मुळात अमेरिकन सैन्याची व्यवस्था. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले, ते पाडण्यात आले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर ही व्यवस्था पूर्ण होताच सर्वसामान्यांसही खुली होईल, असे अमेरिकेने जाहीर केले. परंतु देताना हात आखडता ठेवला. नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळण्यात येई, ती इतकी की दाखविलेली जागा आणि खरी जागा यांत शंभर मीटरपर्यंत अंतर पडावे. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही मुद्दाम केलेली चूक थांबविण्याची घोषणा केली आणि त्या मध्यरात्री जगातील प्रत्येक यंत्र एकाएकी दसपट शहाणे झाले. ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली. तीत पुस्तके, चित्रफिती, संगणकाची प्रणाली, खाण्याचे डबे, थोडे पैसे आणि एक गलोल, शिवाय वही-पेन्सिल. मग जागेचे आकडे जाहीर केले: उत्तर ४५ अंश १७.४६० कला, पश्चिम १२२ अंश २४.८०० कला. तीन दिवसांत ती बादली दोघांना सापडली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी खेळाला आजचे नाव सुचविले आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी डब्यांची सार्वजनिक यादी सुरू केली. तेव्हा तीत अवघे ७५ डबे होते.

तेव्हा प्रथम त्या मूळ स्थळी जावे, असे ठरले. आकडे यंत्रात आम्हीच घातले. भूगोलाचा तास ज्याने घेतला आहे त्याच्यापुढे अक्षांश-रेखांशाची काय मातब्बरी, असा आमचा तोरा होता. जावईबापू गाडी हाकीत होते. पाऊण तास लोटला, डांबरी रस्ता संपला, खडीचा लागला, घरे विरळ होऊन दोन्ही बाजूंना घनदाट अरण्य आले. तेव्हा जावईबापूंनी गाडी कडेला घेतली आणि अत्यंत आदराने विचारले, "बाबा, आकडे एकदा पाहू का?" पाहिले. आम्ही १७.४६० कलांच्या जागी दशांश अंश समजून ४५.१७४६० असे घातले होते! साठ कलांचा एक अंश, हे आम्ही मुलांकडून किती वेळा घोकून घेतले असेल! त्या एका गफलतीने आम्ही खऱ्या जागेपासून सुमारे अठरा किलोमीटर आग्नेयेकडे निघालो होतो. नातू मागे बसून खुदुखुदू हसत होता. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "पोरांच्या वहीत लाल रेघ मारता, आता स्वतःच्या वहीत मारा."

बीव्हरक्रीकजवळच्या त्या स्थळी पाहण्यासारखे म्हणाल तर काही नाही. गावाबाहेरचा रस्ता, कडेला झाडी, आणि झाडीत २००३ साली बसविलेली एक स्मृतिपट्टिका. मूळ बादली केव्हाच नाहीशी झाली; तीतील शेंगांचा एक डबा मात्र पुढे सापडला आणि खेळाडूंनी तो एखाद्या अवशेषासारखा जपला. आम्ही नमस्कार करावा की नाही, या विचारात क्षणभर थांबलो. मग नातवाने वहीत सर्वांची नावे लिहिली. आमचे नाव देवनागरीत आम्हीच लिहिले. त्याच्या वरच्या पानावर जपानी अक्षरे होती.

खरा खेळ सुरू झाला तो त्याच दुपारी, क्लॅकमस नदीच्या काठच्या एका वनोद्यानात. डग्लस फर जातीचे वृक्ष तेथे असे उभे आहेत की वर पाहताना टोपी पडावी. बुंध्यांवर शेवाळ, पायांखाली नेच्यांचा गालिचा. यंत्र सांगे, वीस मीटर उत्तरेस. वीस मीटर उत्तरेस जावे तर ते म्हणे, चौदा मीटर मागे, नैर्ऋत्येस. मंगळागौरीची मुलगी फिरावी तसा तो बाण गरगर फिरू लागला. सव्वा तास आम्ही तिघे नेचे बाजूला सारीत, ओंडके उचकटीत हिंडलो. सौभाग्यवती एका ओंडक्यावर बसून आमची गंमत पाहत होत्या. अखेर अंधारून आले. नातवाने ओठ घट्ट मिटून यंत्रात नोंद केली: सापडला नाही. तशीही प्रामाणिक नोंद या खेळात करावयाची असते, हे आम्हाला फार आवडले. मुलगा मात्र घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

असे का व्हावे, ते जावईबापूंनी रात्री समजावून दिले. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ. किमान चार उपग्रहांकडून निघालेला संकेत आपल्यापर्यंत पोचण्यास किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतरे काढते आणि आपली जागा ठरविते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात तीस सेंटिमीटर चालतो. तेव्हा घड्याळाची एवढी चूकही वीतभर-दीडवीत अंतर खाते. आईनस्टाईनच्या सिद्धांताप्रमाणे वरची घड्याळे खालच्यांपेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते मुद्दाम जुळवून घेतले नाही तर दिवसाकाठी दहा किलोमीटरांवर घोटाळा व्हावा. इतके सारे सांभाळून आलेला तो क्षीण संकेत शेवटी ओल्या पालवीत अडखळतो, बुंध्यांवर आपटून वळसा घेऊन येतो, आणि यंत्राची फसगत होते. उघड्या आकाशाखाली साधा मोबाईल पाच मीटरांच्या आत जागा दाखवितो. दाट झाडीत तेवढा भरवसा धरता येत नाही. शिवाय चूक दोघांची असते. ज्याने डबा लपविला त्याच्याही यंत्राने त्या झाडीत काही मीटरांची थाप मारलेलीच असणार. त्याचे पाच मीटर एका दिशेस, आपले पाच दुसऱ्या दिशेस, म्हणजे झाले दहा.

आम्ही अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या मापात हिशेब केला. शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर. पावणेआठ एकर रानात बादली शोधावयाची, तर तो खेळ नव्हे, मोलमजुरी झाली. म्हणूनच २००० सालापूर्वी हा खेळ कोणाला सुचला नाही. दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे तीन गुंठे. आमच्याकडे तीन गुंठ्यांत घर, परसू, विहीर आणि चार नारळ बसतात. तेवढ्या जागेत मनुष्य आपले डोळे, हात आणि अक्कल वापरून तासभर रमू शकतो. आणि पाच मीटर म्हणजे पाऊण गुंठा, एखादी ओसरी. जमिनीची मोजणी करणाऱ्यांकडे आता सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारी यंत्रे आली आहेत. बांधाच्या भांडणात ती हवीतच. अर्ध्या फुटासाठी सख्ख्या भावांचे बोलणे तुटलेले आम्ही आमच्या गावात पाहिले आहे. पण त्या यंत्राने खजिना दाखविला तर शोधावयाचे काय उरले?

याचा पडताळा पुढच्याच रविवारी आला. जावईबापूंनी मित्राकडून अधिक अचूक असे एक हातातले यंत्र मागून आणले. हेतू चांगलाच होता; मुलाचा हिरमोड त्यांना पाहवला नव्हता. नदीकाठच्या मोकळ्या हिरवळीवर दुसरा एक डबा होता. वर स्वच्छ आकाश. यंत्राने आम्हाला सरळ रेषेत एका बाकापाशी नेऊन उभे केले, आणि बाकाखाली हात घालताच लोहचुंबकाने चिकटविलेली डबी हाती आली. दोन मिनिटे लागली नाहीत. नातवाने वहीत सही केली, जशी आम्ही हजेरीपटावर करतो तशी. परतताना गाडीत तो बोलत होता ते त्या न सापडलेल्या डब्याविषयीच.

आमच्या परतीच्या आदल्या दिवशी तो सर्वांना पुन्हा त्या झाडीत घेऊन गेला. अचूक यंत्र घ्यावे का, असे बापाने विचारले. त्याने मान हलविली. जुना मोबाईलच बरा. पुन्हा तोच बाण, तेच गरगरणे. अर्धा तास गेला. सौभाग्यवती यावेळी ओंडक्यावर न बसता आमच्यामागून सावकाश येत होत्या. एका पडलेल्या झाडापाशी त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, इथं कुणी तरी सरपण रचून ठेवलंय." आम्ही पाहिले. वाळक्या काटक्या, रानात हव्या तितक्या पडलेल्या. पण बाकी सगळ्या वेड्यावाकड्या, आणि एवढ्याच एका मापाच्या, एकीला एक लावून ठेवलेल्या. चाळीस वर्षे पावसाळ्यापूर्वी सरपण रचणाऱ्या बाईच्या डोळ्यांना ते दिसले. आम्हा तिघा विद्वानांना दोन खेपांत दिसले नव्हते. नातवाने काटक्या बाजूला केल्या. खाली हिरवा पत्र्याचा डबा! यंत्राने दाखविलेल्या जागेपासून तो बरोबर अकरा पावले दूर होता, आम्ही मोजली.

मुलगा डबा तसाच टाकून आजीच्या कमरेला बिलगला आणि म्हणाला, "आजी, तुला कसं कळलं?"

कन्या आमच्याशेजारी उभी होती. तिला दुभाष्याचे काम उरले नव्हते. ती पलीकडे तोंड करून नदीकडे पाहू लागली.

गावी परतलो, शाळा उघडली. आमची शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. सातवीत त्या वर्षी अवघी नऊ मुले. आम्ही ठरविले, प्रयोग करून पाहू. पहिल्या शनिवारी मैदानाच्या कडेला, गवतात एक डबा लपविला आणि मुलांच्या हाती आमचा मोबाईल दिला. चार मिनिटांत डबा आला. मुले म्हणाली, "आता काय करायचं, गुरुजी?" दुसऱ्या शनिवारी मोबाईल दिला नाही, होकायंत्र दिले आणि चिठ्ठी: ध्वजस्तंभापासून ईशान्येस एकशे वीस पावले, तेथून पूर्वेस चाळीस. पावले कोणाची, हे लिहावयाचे आम्ही विसरलो. एक गट लहान पावलांनी विहिरीपाशी थांबला, दुसरा मोठ्या पावलांनी देवळामागे गेला, त्यांच्यात भांडण लागले, एकाला जमिनीच्या मोजणीचा जुना दगड सापडला आणि तोच खजिना असा त्याचा आग्रह. दोन तासांनी, प्रार्थनेची घंटा होऊन गेल्यावर, डबा मिळाला. शाळाभर ओरडा झाला. परंतु लहान मुलांपैकी दोघे कंटाळून मधेच घरी निघून गेले होते, हेही नमूद केले पाहिजे.

तिसऱ्या शनिवारी काय करावे, या विचारात आम्ही होतो, तो वर्गातील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मोबाईलच द्या, पण शेवटचा एक आकडा पुसून द्या." आम्ही चकित झालो. कलेच्या दशांशाचा तिसरा आकडा म्हणजे एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर. तो पुसला की अठरा मीटरांचा संदेह निर्माण होतो. पहिल्या शनिवारचा वैताग नाही, दुसऱ्याचा गोंधळ नाही. त्या दिवशी डबा अर्ध्या तासात मिळाला आणि कोणी घरी गेले नाही. अमेरिकन सैन्य जे शंभर मीटरांनी करीत होते, ते त्या मुलीने अठरा मीटरांवर आणून ठेवले!

आता घरचे सांगतो. आमच्या वडिलार्जित जमिनीच्या गडग्यात, फणसाच्या आसपास, एक डबा लपविलेला आहे. आसपास म्हणजे कोठे, ते सौभाग्यवतींना आणि आम्हालाच ठाऊक. आत एक वही, पेन्सिल, गलोल, एक भोवरा आणि मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी. त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास आम्ही नातवाला आकडे कळविले. दोनच दशांश स्थळांपर्यंत. पुढच्या मे महिन्यात येतो म्हणाला होता. मग जावईबापूंची नोकरी बदलली, रजा उरली नाही. त्यानंतरच्या वर्षी मुलाची शाळा आडवी आली. पहिल्या पावसाळ्यात डब्यात पाणी शिरले. वही वाळवून पुन्हा ठेवली, झाकणाचे रबर बदलले. दुसऱ्या पावसाळ्यात मुंग्यांनी भोवऱ्याच्या जाळीत घर केले, म्हणून घट्ट झाकणाचा नवा डबा आणला. वहीत अद्याप दोनच नावे आहेत, आमचे आणि सौभाग्यवतींचे.

दर रविवारी रात्री दूरध्वनी येतो. परवा आम्हालाच धीर निघेना. म्हटले, तो येईल तेव्हा आम्ही घरी नसलो तर? गडग्याचे दगड हलले तर? म्हणून त्याला म्हणालो, "बाळा, राहिलेले दोन आकडे लिहून घे, तुझ्याकडे असू देत." पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, थोडा जाड झालेला, पण मराठीत.

"आजोबा, शेवटचे नंबर सांगायचे नाहीत हं. आणि आजीलाही सांगा, सरपण नीट रचू नको."